मुंबईतील शाळेचे पाण्याचे बिल: वर्गवारी बदलण्याचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

शाळेचे पाण्याचे बिल फुगले की व्यवस्थापन समितीत पहिली सूचना हमखास येते, "वॉर्ड ऑफिसात भेटून दर कमी करून घ्या." दर असा भेटून कमी होत नाही. बृहन्मुंबई महापालिकेचे पाण्याचे दर नियमाने ठरतात, एका शाळेपुरते ते बदलायचा अधिकार वॉर्डातल्या अभियंत्याला नसतो. शाळेने दोन गोष्टी तपासायच्या: पाण्याची जोडणी योग्य दरवर्गात (व्यावसायिक की अव्यावसायिक संस्था) आहे का, आणि मीटरवर दिसणारे पाणी खरोखर वापरलेले आहे का.

वर्गाने किती फरक पडतो ते पाहा. 16 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात हजार लिटरला, म्हणजे एका युनिटला, व्यावसायिक दर 47.75 रुपये आणि अव्यावसायिक संस्थांचा दर 25.46 रुपये होता. जल आकाराच्या, म्हणजे पाण्याच्या रकमेच्या, 70 टक्के मलनिःसारण (सांडपाण्याचा) आकार त्यावर चढतो. महिन्याला 500 युनिट वापरणाऱ्या शाळेला व्यावसायिक वर्गात एकूण 40,587 रुपये, तर संस्थेच्या वर्गात 21,641 रुपये पडतात. मलनिःसारणासाठी वेगळे भांडावे लागत नाही, जल आकार उतरला की तोही उतरतो. आपल्या बिलावर कोणता दर लावला आहे ते आधी पाहा आणि चालू दरपत्रकाशी ताडा.

शाळा चुकीच्या वर्गात का असते? बहुतेकदा जोडणी बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर, बांधकामाच्या किंवा दुकानांच्या काळात घेतलेली असते. शाळा आली, नाव आणि वर्ग तेच राहिले. अशा वेळी आधी नावात बदल, मग वर्गात बदल. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले तरी क्रम हाच राहतो.

नफ्यासाठी न चालणारी संस्था आणि तिची मान्यताप्राप्त शाळा, या पायावर अर्ज करायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेला न्यास किंवा कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील कंपनी हा पाया दाखवू शकते. आवारातच खासगी क्लास, बँकेचे एटीएम किंवा लग्नाला भाड्याने दिला जाणारा हॉल असेल तर स्थळपाहणीत तेच आधी नजरेत येते. हा भाग लपवू नये. परवानाधारक प्लंबरकडून त्याची वाहिनी वेगळी करून स्वतंत्र मीटर मागावा, नाहीतर चार नळांपायी सगळी शाळा व्यावसायिक दराने भरत राहते.

अर्जासोबत न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि अनुसूची एकचा (विश्वस्त आणि मालमत्तेच्या नोंदीचा) अद्ययावत उतारा, शाळेची मान्यता, यू-डायस (शाळेचा सरकारी ओळख) क्रमांक, जागेची मालकी किंवा भाडेकरार, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराचे ताजे बिल, पाण्याची मागील बारा महिन्यांची बिले, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव आणि मीटरचा क्रमांक व आकडे स्पष्ट दिसणारा फोटो जोडावा. सीसीएन, म्हणजे बिलावरचा जोडणी क्रमांक, प्रत्येक पानावर लिहावा. अर्ज सर्वाधिक अडतो तो नावावर: बिलावर "अमुक विद्यालय", नोंदणीत "तमुक शिक्षण प्रसारक मंडळ". ही शाळा त्याच मंडळाची आहे हे दाखवणारा मान्यतेचा कागद सगळ्यात वर ठेवा.

अर्ज वॉर्डातील सहाय्यक अभियंता, जलकामे यांच्या नावे लिहून नागरी सुविधा केंद्रात द्यावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नये. स्थळपाहणीच्या दिवशी टाक्या, पंप आणि मीटरची पेटी उघडून दाखवणारा माणूस हजर ठेवा. मागच्या तारखेपासून सवलत मिळेल असे गृहीत धरू नका, उशिराचा प्रत्येक महिना जुन्या दराने जाऊ शकतो. निर्णयापर्यंत बिल "हक्क राखून" असे लेखी कळवून भरत राहावे, कारण थकबाकी असलेला अर्ज पुढे सरकायला अवघड जाते. उत्तरच आले नाही तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा, 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आता मीटर. काळे आकडे युनिट दाखवतात, लाल आकडे लिटर. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने रात्री नळ बंद करून गळती कळत नाही. शनिवारी भूमिगत टाकी पूर्ण भरून घ्या, पंप बंद ठेवा आणि रविवारी पाणी येण्याच्या वेळी मीटरसमोर उभे राहा. वापर शून्य आणि टाकी भरलेली असताना लाल आकडा फिरत असेल तर बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगती झडप) अडकून पाणी ओसंडते आहे, टाकी झिरपते आहे किंवा मीटर आणि टाकीमधली वाहिनी फुटली आहे. ओव्हरफ्लोचे तोंड थेट गटारात सोडलेले असेल तर हे वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. मीटर बंद असेल तर सरासरीवर बिल येते आणि मे महिन्यात शाळा रिकामी असतानाही जूनइतकेच पैसे लागतात. त्यामुळे बंद मीटरची तक्रार त्याच आठवड्यात लेखी द्यावी.

वापर वाजवी आहे का हे मांडायला राष्ट्रीय इमारत संहितेचा मापदंड उपयोगी पडतो: दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटर. 600 मुले आणि 30 कर्मचारी असतील तर दिवसाला सुमारे 28 युनिट. बिल याहून बरेच जास्त असेल तर वर्गवारीच्या आधी गळती शोधा.

मालमत्ता कराचे बिलही शेजारी ठेवा. धर्मादाय वापराची सवलत सर्वसाधारण करापुरती असते, जल लाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर त्यामुळे सुटत नाहीत. मात्र पाणी मीटरने मिळत असताना त्या बिलात जलकर आणि मलनिःसारण करही लावले असतील, तर तेच पैसे दोनदा जात आहेत. दुरुस्तीसाठी करनिर्धारण व संकलन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, जलखात्याकडच्या अर्जाने हे काम होत नाही.

मंजुरीनंतरचे पहिले बिल मंजुरीपत्र हातात घेऊन तपासा. बिलाचा कालावधी मंजुरीच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला असेल तर त्याचे दोन भाग पडायला हवेत. सगळ्या युनिटना जुनाच दर लागलेला दिसला तर मंजुरीपत्राची प्रत जोडून दुरुस्त बिल मागा.