नायट्रो आरसी गाडीचे मिक्श्चर ट्यूनिंग

रेडिओ-नियंत्रित (आरसी) नायट्रो गाडीच्या, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या मॉडेल गाडीच्या, इंजिनात हवेबरोबर किती इंधन जावे, हे कार्बोरेटरवरच्या नीडल (सुईसारखे टोक असलेले स्क्रू) फिरवून जुळवण्याची क्रिया. इंधन जास्त झाले की मिक्श्चर रिच, कमी पडले की लीन. नीडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळली की लीन होते, उलटी उघडली की रिच. क्रिया एवढीच, पण हवा बदलली की जुळलेले मिक्श्चर बिघडते, आणि नागपुरात हवा भलतीच बदलते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कधी कधी १० च्याही खाली. इथे एकदा ट्यून करून वर्षभर गाडी पळवू म्हणणाऱ्याचे इंजिन फार दिवस टिकत नाही.

इंजिन व इंधन : ही इंजिने टू-स्ट्रोक, साधारण २.१ ते ४.६ घन सेंमी क्षमतेची असतात आणि मिनिटाला ३०,००० च्या वर फेरे घेतात. त्यांत स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. सुरू करताना दीड व्होल्टच्या इग्नायटरने प्लगची कॉइल लाल करायची. पुढे कॉइलमधले प्लॅटिनम, मिथेनॉलची वाफ आणि ज्वलनाची उष्णता यांच्या जोरावर ती आपणच तापलेली राहते. असा प्लग अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. यातला महत्त्वाचा भाग असा की ठिणगी नेमकी कधी पडावी हे ठरवणारी वेगळी यंत्रणाच इथे नाही. पेट कधी घ्यायचा हे मिक्श्चर, कॉम्प्रेशन आणि प्लगची उष्णता यांवर ठरते. म्हणून मोटारसायकलमध्ये खपून जाणारी मिक्श्चरची चूक इथे खपत नाही.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल (एरंडेल किंवा सिंथेटिक) असते. गाड्यांच्या इंधनात नायट्रोमिथेन बहुधा १६ ते ३० टक्के. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळायला सुमारे साडेसहा ग्रॅम हवा लागते, नायट्रोमिथेनला १.७ ग्रॅम पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते म्हणून ताकद वाढते, आणि नायट्रोचे प्रमाण वाढवले की नीडलही थोडी उघडावी लागते. तेल इंधनातच मिसळलेले असल्याने लीन इंजिनाला दुहेरी मार बसतो : उष्णता वाढते आणि त्याच वेळी वंगण घटते. पिस्टन व स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) यांचे नुकसान जवळजवळ नेहमी याच वाटेने होते. रिच गाडी धूर ओकते, भकभकते, पिकअप देत नाही, पण मरत नाही. शंका आली तर रिचकडे राहावे ते यासाठी.

नीडल व त्यांचा क्रम : बहुतेक कार्बोरेटरवर हाय-स्पीड नीडल, लो-स्पीड नीडल आणि आयडल स्क्रू (गाडी उभी असताना इंजिन किती मंद चालावे हे ठरवणारा) असे तीन स्क्रू असतात. काहींवर मधल्या वेगासाठी आणखी एक नीडल असते. ती कंपनीच्या सेटिंगवरच सोडलेली बरी. इंधन आधी हाय-स्पीड नीडलमधून जात असल्याने तिचा परिणाम खालच्या वेगावरही पडतो. त्यामुळे क्रम ठरलेला : आधी हाय-स्पीड, मग लो-स्पीड, शेवटी आयडल. एका वेळी नीडल फेऱ्याचा आठवा भाग किंवा त्याहून कमी फिरवायची, मैदानाच्या एक-दोन फेऱ्या गाडी पळवायची आणि मगच पुन्हा हात लावायचा. मैदानावर ‘पाव फिरव ना बे’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. पाव फेरा फार मोठा आहे. आणि नीडल पूर्ण बंद करताना ती दाबून आवळायची नाही. तिची बैठक एकदा खराब झाली की पुढचे कुठलेच ट्यूनिंग लागत नाही.

हे सगळे गरम इंजिनावर. थंड इंजिनावर लावलेली नीडल गरम झाल्यावर चुकीची निघते. फुल थ्रॉटलवर गाडी शेवटपर्यंत ओढत राहावी, आवाज स्वच्छ यावा आणि मागे निळसर पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसत राहावी. धूर अजिबात नसेल, किंवा लांब पट्टीवर गाडी ओढता ओढता मध्येच श्वास कोंडल्यासारखी दबत असेल, तर ताबडतोब नीडल उघडावी.

लो-स्पीडसाठी पिंच टेस्ट करतात. गाडी आयडलवर असताना कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. मिक्श्चर नीट असेल तर इंजिनाचे फेरे किंचित चढतात आणि दोन-चार सेकंदांत ते बंद पडते. फेरे न चढता लगेच बंद पडले तर लीन. फेरे वर वर जात राहिले आणि इंजिन बराच वेळ तग धरून राहिले तर रिच. या चाचणीला यंत्र लागत नाही, शिवाय ती फारशी फसवत नाही.

तापमान व नागपूरची हवा : प्लगच्या टोकाशी इन्फ्रारेड गन (न टेकवता तापमान मोजणारे यंत्र) धरून घेतलेले तापमान साधारण ९५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे असे मानतात. हा आकडा कामाचा खरा, पण नागपुरात त्यानेच सगळ्यात जास्त चुका होतात.

थंड हवा घट्ट असते. तोच दाब धरला तर १० अंशांच्या हवेत ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त ऑक्सिजन असतो. म्हणजे जानेवारीत बरोबर असलेली नीडल मे महिन्यात रिच ठरते, आणि मे महिन्यातली जानेवारीत लीन. गनवर मात्र उलटेच दिसते. मे महिन्यात सभोवतालची हवाच इतकी तापलेली असते की हेड (सिलिंडरचा वरचा भाग) नीट थंड होत नाही. मिक्श्चर रिच असूनही गन १२० दाखवते. मालक घाबरून नीडल आणखी उघडतो, गाडी भकभकते, प्लग ओला होऊन विझतो. जानेवारीच्या सकाळी थंड वारा हेडमधली उष्णता खेचून घेतो, गन ९० दाखवते, आणि आतमध्ये इंजिन लीन चालत असते. कमी आकडा बघून मालक नीडल आणखी आवळतो. इंजिने जातात ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारात, उन्हाळ्यात नव्हे. म्हणून धूर, आवाज, ओढ आणि पिंच टेस्ट यांवरून आधी ठरवावे आणि गन शेवटी धरावी. हिवाळ्यात आकडा वर आणायचा असेल तर नीडल न आवळता हेडचा काही भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकावा. या इंजिनांत स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. इंजिन पुरेसे गरम झाले नाही तर पिस्टन तिथे घासत राहतो, म्हणून फार थंड चालवणेही बरे नाही.

गनबद्दल आणखी एक : चकचकीत ॲल्युमिनियमच्या हेडवर ती खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. रोज त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून धरली तरच कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना करता येते.

पावसाळ्यात ३० अंश व ८० टक्के आर्द्रता असताना हवेतली सुमारे साडेतीन टक्के जागा बाष्पच घेते. तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणजे मिक्श्चर थोडे रिचकडे. उंचीचेही तसेच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. इथे लावलेली गाडी चिखलदऱ्याला, ११०० मीटरच्या आसपास, नेली तर हवा सात ते नऊ टक्क्यांनी विरळ मिळते आणि नीडल थोडी आवळावी लागते.

ट्यूनिंगचे नसलेले बिघाड : नीडल कितीही फिरवली तरी आयडल स्थिर राहत नसेल, किंवा थ्रॉटल सोडल्यावर फेरे लगेच खाली येत नसतील, तर दोष नीडलचा नाही. कुठून तरी हवा शिरते आहे : कार्बोरेटरच्या मानेतून, बॅकप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या झाकणाच्या) रबरी ओ-रिंगमधून किंवा चिरलेल्या नळीतून. टाकीत सायलेन्सरमधून दाब पोहोचवणारी नळी निसटली असेल किंवा टाकीचे झाकण गळत असेल तरीही इंजिन लीन होते. विदर्भातल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती फोम फिल्टरवर साचली की मिक्श्चर रिच भासते, आणि मालक फिल्टर धुवायचा सोडून नीडल आवळतो. फिल्टर धुतल्यावर तीच नीडल लीन ठरते. फिल्टर प्रत्येक वेळी धुऊन, फिल्टर ऑइल लावून बसवावा. टाकी रिकामी होत आली की मिक्श्चर आपोआप लीन होते, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत गाडी पळवू नये.

टू-स्ट्रोक मोटारसायकलींवर हात बसलेले जुने मेकॅनिक नायट्रो इंजिनाचा आवाज चटकन ओळखतात. पण प्लगचा रंग बघण्याची त्यांची सवय इथे कामाची नाही. ग्लो प्लगची कॉइल ओली आणि नव्यासारखी चकचकीत असेल तर रिच. वाकलेली किंवा तुटलेली असेल तर लीन.

साठवण व काळजी : मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धवट उघडा राहिलेला डबा पुढच्या वेळी कुठल्याच नीडलला दाद देत नाही, आणि मालक दोष गाडीला देतो. गाडी पळवून झाल्यावर टाकी रिकामी करावी, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडून इंजिन फिरवावे, नाहीतर बेअरिंग गंजतात. ठेवताना पिस्टन खालच्या टोकाला असावा. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे इंधन भरताना इंजिन बंद असावे आणि पोरांना चार हात लांब उभे करावे.