मनातील भागांशी संवाद (मार्गदर्शित ध्यान)

मनातील भागांशी संवाद : माणसाच्या मनात एकाच वेळी वावरणाऱ्या, पुष्कळदा एकमेकींच्या विरोधात ओढणाऱ्या वृत्तींना एकेक करून ओळखण्याची आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची ध्यानपद्धती. मार्गदर्शकासमोर बसून किंवा ध्वनिमुद्रित सूचना ऐकत ती केली जाते. एका बैठकीला साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो. विचार शांत होण्याची येथे वाट पाहत नाहीत. त्यांतलाच एखादा हेरून त्याच्याशी बोलणे सुरू करतात. विपश्यनेची किंवा नामजपाची सवय असलेल्याला त्यामुळे हे सुरुवातीला ध्यानच वाटत नाही.

मोहोर धरला आहे, तुडतुडे दिसू लागले आहेत आणि वर अवकाळी मळभ आले आहे, अशा रात्री देवगडचा आंबा बागायतदार जागा असतो. त्याच्या आत एक जण फवारणीचा आणि मजुरीचा हिशेब पुन्हापुन्हा मांडतो. दुसरा म्हणतो, कलमे विकून मोकळा हो. तिसरा काही न बोलता मोबाइल उघडतो, नाहीतर बाटली. आणि या तिघांच्या मागे एक लहान मुलगा असू शकतो, ज्याने वडिलांना व्यापाऱ्याच्या दारात उचल मागत ताटकळताना पाहिले आहे. पहिले तिघे आपापल्या रीतीने त्या मुलाला झाकून ठेवत आहेत, म्हणून त्यांतल्या कुणालाच हाकलू नये, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक.

इतिहास : मन एकसंध नसते ही कल्पना जुनी आहे, तिला ध्यानाचा साचा मिळाला तो विसाव्या शतकात. इटालियन मनोविकारतज्ज्ञ रॉबेर्तो असाजिओली (१८८८–१९७४) यांनी आपल्या ‘सायकोसिंथेसिस’ या प्रणालीत उपव्यक्तिमत्त्वांची कल्पना मांडली. ‘मला शरीर आहे, पण मी म्हणजे शरीर नव्हे’ अशा वाक्यांनी चालणारा त्यांचा सराव भारतीय वाचकाला परका वाटणार नाही. कार्ल युंग यांची सक्रिय कल्पना (जागेपणी मनातल्या प्रतिमांशी बोलणे), फ्रिट्झ पर्ल्स यांनी रूढ केलेली रिकाम्या खुर्चीशी बोलण्याची रीत आणि हॅल व सिड्रा स्टोन या दांपत्याचा ‘व्हॉइस डायलॉग’ हे याच वाटेवरचे टप्पे. आज प्रचलित असलेली बहुतेक ध्यानसत्रे मात्र अमेरिकन कुटुंबोपचारक रिचर्ड श्वार्ट्झ यांच्या ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ (आयएफएस) या पद्धतीवर बेतलेली असतात. १९८०च्या दशकात शिकागोत खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या तरुणींवर उपचार करताना त्यांनी ती घडवली. या रुग्ण आपल्या ‘भागां’विषयी घरातल्या माणसांविषयी बोलावे तसे बोलत होत्या. श्वार्ट्झ यांनी कुटुंबाला लावायचे नियम मग त्या भागांना लावून पाहिले. १९९५ मध्ये त्यांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत भागांचे तीन गट मानतात. दिवसाची घडी बसवणारे, आधीच काळजी घेणारे ते व्यवस्थापक. गणपतीत पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंत स्वतः न जेवणारी, मोदकाची कळी बिघडली तरी अस्वस्थ होणारी गृहिणी ज्या वृत्तीवर चालते ती यांतली. दुखणे उसळले की मागचापुढचा विचार न करता ते दडपणारे ते अग्निशामक. दारू, संताप, तासन् तास मोबाइल ही त्यांची हत्यारे. आणि हे दोघे ज्यांना लपवतात ते हद्दपार झालेले, बहुधा बालपणीचे, लाज किंवा भीती धरून बसलेले भाग. या सर्वांपलीकडे कुतूहल, करुणा, शांतपणा अशा आठ गुणांनी ओळखला जाणारा ‘स्व’ असतो आणि तो प्रत्येकात शाबूत असतो, असे श्वार्ट्झ मानतात. हे शेवटचे म्हणणे श्रद्धेकडे झुकते, हे मान्य करून पुढे गेलेले बरे.

ध्यानाचा क्रम : श्वास स्थिर झाल्यावर मार्गदर्शक सध्या सतावणारी एखादी भावना निवडायला सांगतो. ती शरीरात कुठे जाणवते, छातीत की पोटात, हे आधी पाहायचे. मग तिला रूप, वय, आवाज आहे का ते. काहींना चित्र दिसते, काहींना नुसता भार जाणवतो आणि दोन्ही चालते. यानंतरचा प्रश्न साऱ्या ध्यानाचा कणा आहे : ‘या भागाविषयी तुम्हाला आत्ता काय वाटते?’ उत्तर ‘राग येतो’, ‘लाज वाटते’, ‘तो नसलेलाच बरा’ असे आले, तर उत्तर देणारा साधक नसून दुसराच एखादा भाग पुढे सरसावला आहे असे समजतात. त्याच्याशी वाद घालायचा नाही. थोडे बाजूला होशील का, एवढे विचारायचे. तो तयार नसेल तर त्या दिवशी त्याचेच ऐकायचे. असे एकामागून एक बाजूला होत गेले आणि उत्तर ‘तो असा का वागतो ते कळावेसे वाटते’ इथवर आले, की मूळ भागाशी बोलणे सुरू होते. तू किती वर्षे हे काम करतो आहेस? ते थांबवलेस तर काय होईल अशी भीती वाटते? बऱ्याच वेळा उत्तर साधकालाच चकित करते. रागावर काम करायला बसलेल्याला कळते की राग कुणाच्या तरी रडण्यावर पहारा देत आहे. शेवटी त्या भागाचे आभार मानून, पुन्हा येईन असे सांगून डोळे उघडायचे. दिलेला शब्द पाळायचा, कारण एकदा बोलून मग न फिरकलेल्या माणसावर कोणी पुन्हा विश्वास ठेवत नाही.

चांगला मार्गदर्शक कमी बोलतो. सूचनांमध्ये रिकामी जागा नसेल, तर साधक स्वतःचे ऐकण्याऐवजी मार्गदर्शकाला आवडेल ते पाहू लागतो.

कोकणातील संदर्भ : तयार ध्वनिमुद्रणांत ‘तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर उभे आहात’ अशी सुरुवात फार आढळते. ती सुट्टीपुरता समुद्र पाहणाऱ्यासाठी केलेली असते. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहणाऱ्या बाईला किनारा ही कामाची जागा आहे, आणि ज्या घरातला माणूस दर्यावरून परतला नाही त्या घराला लाटांचा आवाज निववत नाही. त्यापेक्षा घराची पडवी अधिक उपयोगी. तिथे आलेला थेट माजघरात येत नाही, पण त्याला दारातून परतही लावत नाहीत. आधी पाणी, मग विचारपूस. एकेका भागाला असे पडवीत बसवता येते. प्रश्नही घरच्या बोलीत विचारावेत. ‘तुका कसली भीती वाटता?’ या मालवणी प्रश्नाला मिळणारे उत्तर ‘तुमच्या मनात कोणते भय आहे?’ याला मिळत नाही. लहानपणीचा भाग पुस्तकी मराठी शिकण्याच्या आधीचा असतो.

सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत कार्यारंभी घातले जाणारे गाऱ्हाणे या पद्धतीच्या जवळ जाते. त्यात एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून गावरहाटीतल्या (गावाच्या देवधर्माच्या पारंपरिक व्यवस्थेतल्या) देवतांना, राखणदारांना साद घालतो, कुणी नाराज असेल तर त्याची समजूत काढतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. कुणालाही वगळायचे नाही, हट्टी राखणदारालासुद्धा मान द्यायचा, ही त्यातली जाण आयएफएसच्या साधकाला ओळखीची वाटेल. साम्य इथे संपते. गाऱ्हाणे बाहेरच्या शक्तींना आणि सगळ्या गावाच्या वतीने घातले जाते. अंगात अवसर येणे तर त्याहून वेगळे : तिथे माणूस बाजूला होतो आणि देव बोलतो अशी धारणा असते, तर या ध्यानात विचारणाऱ्याने पूर्ण जागे राहणे हीच अट आहे. भाग बोलू लागला आणि ऐकणारा हरवला, तर सत्र फसले असे समजावे.

मनाशी बोलण्याची रीत मराठी संतपरंपरेतही आहे. मात्र समर्थ रामदासांच्या मनाच्या २०५ श्लोकांत बोलणारा एकच आहे. मनाने ऐकायचे आणि सुधारायचे. या ध्यानात मनाला उलट उत्तर द्यायची मुभा असते. रत्नागिरीजवळ पावस येथे राहिलेले स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांच्या नाथपरंपरेतील सोऽहम् साधनेत साक्षीभाव हा मुक्काम मानला जातो. आयएफएसमध्ये साक्षी हा बोलणी करणारा असतो, त्याने घरातल्या भांडणात लक्ष घालायचे असते. दोन्ही साधना एकच आहेत असे शिबिरांतून सर्रास सांगितले जाते. त्यामुळे दोन्हींची धार जाते.

परिणाम आणि मर्यादा : आयएफएसच्या परिणामांवरचे संशोधन अद्याप मोजके आहे. संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत नऊ महिन्यांच्या उपचारानंतर वेदना आणि नैराश्याची लक्षणे यांत सुधारणा नोंदली गेली. तो उपचार प्रशिक्षित उपचारकांनी दिलेला होता. एकट्याने ध्वनिमुद्रण ऐकून केलेल्या ध्यानाला तेच निष्कर्ष लावता येत नाहीत. दुसरा धोका स्मृतीचा. ध्यानात ‘दिसलेला’ बालपणीचा प्रसंग तसाच घडला होता असे धरून नातेवाइकांना जाब विचारणे योग्य नाही, कारण सूचनेच्या प्रभावाखाली स्मृती सहज आकार बदलते.

ज्यांना प्रत्यक्ष आवाज ऐकू येतात, भ्रम होतात, मधला काळ आठवत नाही किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी हे ध्यान स्वतःहून करू नये. अशा वेळी भागांना बोलते करणे म्हणजे दुखणे वाढवणे ठरू शकते. कोकणात अशा माणसाला आधी देवस्कीकडे, म्हणजे देव-भुतांच्या उपायांकडे, आणि फार उशिरा डॉक्टरकडे नेण्याची सवय अजून गेलेली नाही. रत्नागिरी येथे शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.