आडवी गिटार, उभी गिटार

बेळगावच्या गणेशोत्सवात आज बँड उभा राहतो तेव्हा गिटार गळ्यातच अडकवलेली असणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या भागात ऑर्केस्ट्राच्या पत्रकावर नुसतं 'गिटार' छापलेलं असलं, तर ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन असायची. गळ्यातलीला मुद्दाम 'स्पॅनिश' म्हणायचे, जणू तीच परकी!

या घोळाचा फटका आमच्या मंडळालाही बसला. निपाणीला निरोप धाडला, "गिटारवाला पाठवा." कार्यक्रमाच्या दिवशी गृहस्थ आले, खुर्चीत बसले आणि डाव्या हातात पोलादी कांडी धरली. गायकांना हवी होती ठेक्याला धरून कॉर्ड मारणारी रिदम. शेवटी रिदम अकॉर्डियनवर भागवली आणि पाहुण्यांना दोन सोलो दिले. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

मुळात गिटारचा आवाज दिवाणखान्यापुरता. 19व्या शतकात स्पेनमधल्या कारागिरांनी खोकं मोठं केलं, तरी ट्रंपेट-ड्रमपुढे ती ऐकू येईना. हवाई बेटांवर त्याच शतकाच्या अखेरीस वेगळाच प्रकार रुजला: तारा उंच उचलायच्या, बोटांनी दाबायच्या नाहीत, त्यांवरून पोलाद सरकवायचं. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्याचं वेड लागलं. लोखंडी तारेखाली चुंबक आणि तांब्याचं वेटोळं बसवून 1932 मध्ये विजेवरची गिटार विक्रीला आली, तीही आडवीच. म्हणजे ज्या इलेक्ट्रिक गिटारवर पुढे उभ्या वादकांनी स्टेज गाजवलं, तिचा पहिला मान बसणाऱ्यांचा. हे आमच्याकडचे हवाईयनवाले अभिमानाने सांगत, आणि मला ते पटतं.

1940 च्या दशकात हवाईच्या वादकांचं एक कुटुंब काही वर्षं कलकत्त्यात राहून वाजवत होतं. आपल्या कानाला ही गिटार चटकन रुचली याचं कारण मींड. पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, बोट ठेवून सूर तुटक येतो. पोलाद सरकवलं की 'रे'वरून 'ग'वर गळ्यासारखं जाता येतं. 1967 मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला हीच गिटार एका गाजलेल्या शास्त्रीय ध्वनिमुद्रिकेत बसली.

सीमाभागात तिचा आणखी एक उपयोग होता. समोर मराठी, कन्नड, दोन्हीकडचे लोक. कुठल्या भाषेची गाणी किती, यावरून मंडपामागे कुरबूर व्हायची. हवाईयनच्या सोलोला शब्दच नव्हते, त्यामुळे ती फेरी सगळे निवांत ऐकत.

1973 आणि 1980 मधल्या दोन हिंदी चित्रपटांत नायक गिटार घेऊन स्टेजवर आले, आणि पोरांना उभीच हवी झाली. मग कीबोर्डमध्ये गिटारचाही आवाज निघू लागला. एका पाकिटात दोन वादकांचं काम. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर स्पीकर बंद केला. 2002 च्या दुरुस्तीने राज्यांना वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देता येऊ लागली, पण पहाटेपर्यंत चालणारा ऑर्केस्ट्रा काही परत आला नाही. वेळ आखडला की पहिली कात्री नुसत्या वाद्याच्या फेरीवर. नियम योग्यच, पण त्यात कुणाचा गळा दाबला गेला, हे कुणी मोजलं नाही.

बऱ्याच हवाईयन म्हणजे साध्या गिटारवर उंच नट (दांडीच्या टोकाशी तारा पेलणारी पट्टी) चढवलेल्या. टिळकवाडीतल्या एका घरी पुतण्याने काकांच्या गिटारचा तो नट काढला, तारा खाली उतरवल्या आणि ती उभी धरली. खोक्याचं पॉलिश हाताच्या घामाने उडालेलं, किल्ल्या गंजलेल्या. तीस वर्षं वाजलेल्या त्या गिटारचे पडदे मात्र कोरे करकरीत. त्यांना तार कधी लागलीच नव्हती.