वरच्या सभागृहाचा एक दिवस, आणि प्रश्न विचारायचा हक्क आला कुठून

परवा काकांसोबत ट्रॅक्टरवर बसून पिंपळगाव बसवंतला बाजार समितीत गेलो होतो. चाळीतला उन्हाळ कांदा होता, पुढे बरीच वाहनं उभी होती, लिलाव आपल्यापर्यंत यायला वेळ लागणार हे दिसत होतं, म्हणून मी मोबाईलवर राज्यसभा लावली. सकाळचे अकरा वाजलेले. मंत्री एकामागे एक उठतायत, कागदपत्रं सभापटलावर ठेवतो म्हणतायत आणि खाली बसतायत. काकांनी पाचेक मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अरे हे नुसते कागदच ठेवतायत, आपल्या कांद्याचं कधी निघणार?"

तिथं त्या गोंगाटात मला नीट सांगता आलं नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण टीव्हीवर रटाळ दिसणारा हा दिवस जसा आखलाय तसा तो का आखलाय, यामागे सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळाची ओढाताण आहे, आणि ती माहीत झाली की तेच कामकाज वेगळं दिसायला लागतं.

आधी दिवस कसा जातो ते बघू. अकराला घंटा, मार्शल मोठ्यानं पुकारतो "माननीय सदस्यों, माननीय सभापति जी", सगळे उभे राहतात, सभापती येतात. कुणी माजी सदस्य वारले असतील तर श्रद्धांजली आणि उभं राहून मौन. मग ते पटलावर कागद ठेवणं, म्हणजे वार्षिक अहवाल, अधिसूचना, समित्यांचे अहवाल. काकांना ते फुकटचं वाटलं, पण एखाद्या सरकारी कंपनीचे हिशोब संसदेपुढे येतात ते याच दोन मिनिटांत, आणि एकदा पटलावर ठेवलं की तो कागद कुणालाही मागता येतो. त्यानंतर शून्य प्रहर, एकेका सदस्याला तीन मिनिटं, वेळ संपली की माईक आपोआप बंद. बारा ते एक प्रश्नोत्तराचा तास. जेवणानंतर विधेयकं, चर्चा, आणि शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाज, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयकं आणि ठराव.

शून्य प्रहर हे नाव नियमांच्या पुस्तकातलं नाही बरं का, ते साठच्या दशकात पेपरवाल्यांच्या तोंडी रुळलं. तेव्हा प्रश्नांचा तास अकरा ते बारा असायचा आणि तो संपला की बरोबर बाराला खासदार पूर्वसूचना न देता आपापले विषय घेऊन उभे राहायचे, म्हणून शून्य. पुढे अकराच्या तासाला रोजच गोंधळ व्हायला लागला, छापलेले प्रश्न तसेच राहायला लागले, तेव्हा २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून सभापती हमीद अन्सारी यांनी राज्यसभेत प्रश्नांचा तास बारावर नेला आणि शून्य प्रहर अकराकडे आला. नाव मात्र तेच राहिलं.

या सगळ्या दिवसात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बारा ते एकचा तास. बाकी बहुतेक कामकाज सरकार आणतं आणि सदस्य त्यावर बोलतात, या एका तासात मात्र सदस्य विचारतो आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही, अगदी कणाकणानं मिळालाय.

१८६१ च्या कायद्यानं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मोजके हिंदी लोक बसायला लागले खरे, पण त्यांनी फक्त समोर आलेल्या कायद्यावर बोलायचं, सरकारला काही विचारायचं नाही. विचारायची परवानगी मिळाली १८९२ च्या कायद्यानं, तीही अशी की प्रश्न विचारा, उत्तर ऐका आणि खाली बसा, त्यावर चर्चा नाही. पहिला प्रश्न आला १६ फेब्रुवारी १८९३ ला, अवधमधल्या भिंग्याच्या राजांनी विचारलेला, आणि तो कशावर असेल? साहेब लोक दौऱ्यावर निघाले की छावणीला रसद पुरवायचं काम गावातल्या दुकानदाराच्या गळ्यात पडायचं, त्या दुकानदारांच्या हालांवर! मला हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, की देशातल्या विधिमंडळातला पहिला प्रश्न युद्धाबिद्धावर नव्हता तर गावातल्या किराणा दुकानदारावर होता.

आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा काय चाललं होतं तेही बघा. १९०१ मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसुलाचं दुरुस्ती विधेयक आलं. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, शेतसारा थकलेला, आणि सरकारचं म्हणणं की थकबाकीत जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची तर ती विकायचा किंवा गहाण ठेवायचा हक्क काढून घेऊन द्यायची. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी विरोधात बोलले, पण मतं सरकारी सदस्यांची जास्त, मग ते सरळ उठून बाहेर गेले. आज सभात्याग म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण आपल्याकडचा पहिला गाजलेला सभात्याग शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासाठी होता हे विसरू नये.

मग १९०९, मोर्ले-मिंटो सुधारणा. यात आणखी एक पायरी मिळाली, ज्यानं प्रश्न विचारला त्याला उत्तर ऐकून पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला. म्हणजे सरकारी सदस्य गोलमोल बोलला तर त्याला तिथंच धरता येणार. त्याच वर्षाच्या शेवटी, २१ डिसेंबर १९०९ ला, आपल्या नाशिकात विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. एकीकडे कौन्सिलात एक जादा प्रश्न विचारायची मुभा आणि दुसरीकडे हे, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे मी प्रत्येक वेळी अभ्यासिकेतल्या पोरांना सांगतो, कारण पुस्तकात त्या दोन वेगळ्या धड्यांत येतात आणि पोरांना वाटतं की त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही.

१९१९ च्या कायद्यानं दिल्लीत दोन सभागृहं झाली. वरचं म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेट, साठ सदस्यांचं, १९२१ पासून सुरू. मतदार कोण तर जमीनदार, मोठे करदाते, अगदी मूठभर. ते आधी मेटकाफ हाऊसमध्ये भरायचं आणि १८ जानेवारी १९२७ ला संसदेच्या जुन्या गोल इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा तिकडे गेलं, त्याच दालनात पुढे राज्यसभा २०२३ पर्यंत बसली. १९२१ पासूनच कुठल्याही सदस्याला पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला, बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला गेला आणि तारांकित-अतारांकित हा फरकही तेव्हाचाच. तारा म्हणजे तोंडी उत्तर हवं, तारा नाही तर लेखी.

स्वातंत्र्याच्या तोंडावर मात्र हे वरचं सभागृह हवंच कशाला असा प्रश्न आला. २८ जुलै १९४७ ला संविधान सभेत यावर चांगलंच वाजलं. काहींचं म्हणणं की यानं फक्त कामाला उशीर होणार, पैसा जाणार. गोपालस्वामी अय्यंगार यांनी बाजू मांडली की क्षणाच्या भरात झालेल्या कायद्यावर थोडं थांबून विचार व्हायला हवा आणि रोजच्या राजकारणाच्या धबडग्यात न उतरणाऱ्या अनुभवी लोकांनाही जागा हवी. सभागृह राहिलं. पहिली बैठक १३ मे १९५२ ला, सभापती डॉ. राधाकृष्णन, आणि राज्यसभा हे नाव जाहीर झालं ते २३ ऑगस्ट १९५४ ला. आज एकूण जागा २४५, त्यात महाराष्ट्राच्या १९, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात त्यामुळे हे सभागृह कधी विसर्जित होत नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली, त्रासदायकच आहे) राज्यसभेत प्रश्नांचा तास पहिल्या दिवसापासून पूर्ण नव्हता. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस प्रश्न घेतले जायचे, १९६४ मध्ये सभागृहानं स्वतःचे नियम केले, ते १ जुलैपासून लागू झाले आणि मग प्रश्न रोजचे झाले. म्हणजे १९२१ ला जे मिळालं होतं ते स्वतंत्र भारताच्या वरच्या सभागृहाला पुन्हा हळूहळूच मिळवावं लागलं. आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन हा तास वगळला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. लेखी उत्तराला पुरवणी प्रश्न विचारता येत नाही, आणि खरा कस लागतो तो पुरवणीतच.

१९६४ मध्ये प्रश्न रोजचे झाले तेव्हा नाशिकचा माणूस या सभागृहात होता. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९६२ ते ६८ राज्यसभेत होते. बाबासाहेबही १९५२ पासून शेवटपर्यंत याच सभागृहाचे सदस्य. राज्यसभेचे सदस्य असताना दादासाहेबांनी ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह सुरू केला, हजारो लोक तुरुंगात गेले. आतलं कामकाज आणि बाहेरचा मोर्चा या त्यांना दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

मतदानाच्या दिवशी हे सभागृह किती अटीतटीचं होऊ शकतं त्याचं उदाहरण ५ सप्टेंबर १९७० चं. संस्थानिकांचे तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन इथं आलं, बाजूनं १४९, विरोधात ७५, आणि दोन तृतीयांश व्हायला हवे होते एकशे एकोणपन्नास पूर्णांक एक तृतीयांश. एका मतापेक्षाही कमी फरकानं विधेयक पडलं. शेवटी १९७१ मध्ये ते झालं, पण त्या दिवशी हजर नसलेला एकेक सदस्य किती महाग पडला बघा. म्हणून घंटा वाजली की सभागृहात असणं हेच पहिलं काम.

आता प्रश्नांचं रोजचं गणित. राज्यसभेत दिवसाला १५ तारांकित आणि १६० अतारांकित. तारांकितचा क्रम सोडतीनं ठरतो, सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालयांचे वार ठरलेले, त्यामुळे शेतीचा प्रश्न हवा त्या दिवशी येत नाही, शेतीच्या वारीच येतो. तासाभरात पंधराच्या पंधरा होतात असं फार क्वचित. सदस्याला मराठीत विचारायचं असेल तर विचारता येतं, आधी कळवलं की दुभाष्या असतो, २०१८ पासून तर घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांची सोय आहे.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालूच होतं. पण त्याच अधिवेशनात संसदेच्या सुरक्षेच्या मुद्द्यावरून गोंधळ झाला, दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यातले ४६ राज्यसभेचे. इकडे निफाड-चांदवडला शेतकरी रस्त्यावर आणि तिकडे विरोधकांची कितीतरी बाकं रिकामी.

त्या दिवशी लिलाव झाला, घरी आलो, संध्याकाळी काकांना राज्यसभेच्या साईटवरचं कांद्यावरचं एक जुनं लेखी उत्तर उघडून दाखवलं. इंग्रजीत होतं, मी वाचून मराठीत सांगत गेलो, खाली वर्षवार निर्यातीचा तक्ता होता. काका चष्मा लावून तक्त्यावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "बाहेर किती गेला ते सांगितलं. पण बंदी होती तेव्हा चाळीत किती सडला, ते कुणी मोजलं का? ते विचारायला पाहिजे होतं ना."

मी म्हटलं, काका, यालाच पुरवणी प्रश्न म्हणतात.

"मग लिहून ठेव आणि पाठव एखाद्या खासदाराला."

लिहून ठेवलाय, उद्या पाठवतोय.