वर्तुळाच्या टॉपला जी येतो कुठून

अकरावीचं सर्क्युलर मोशन सुरू झालं की फोंड्यात माझ्याकडे येणारी पोरं दरवर्षी हेच विचारतात, दोरीला बांधलेली पाण्याची बादली उभ्या वर्तुळात फिरवली तर पाणी सांडू नये म्हणून टॉपला लागणारा कमीत कमी स्पीड रूट आरजी, म्हणजे त्रिज्या गुणिले जीचं वर्गमूळ, का, गोल फिरताना ॲक्सिलरेशन व्ही स्क्वेअर बाय आर, म्हणजे स्पीडचा वर्ग भागिले त्रिज्या, असतं ना, मग वरून खाली पडायचा जी, म्हणजे ग्रॅव्हिटीचं ॲक्सिलरेशन, त्यात आला कसा? प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि याचं उत्तर मला डायग्रॅमपेक्षा इतिहासातच जास्त स्वच्छ सापडलं.

पडण्याचं गणित गॅलिलिओचं, उतरत्या फळीवरून गोळे सोडून केलेलं, १६३८ च्या पुस्तकात आलं. गोल फिरण्याचं गणित मात्र डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मधे मांडलं आणि तेव्हा न्यूटनचे नियम नव्हतेच हो, मग फिरणाऱ्या गोळ्याने दोरी किती ताणली ते मोजायचं कशाने? त्याने गोळ्याचं वजनच माप म्हणून घेतलं. आडव्या वर्तुळात किती स्पीडने फिरवला तर दोरीवरची ओढ बरोब्बर वजनाएवढी होते? त्रिज्येच्या अर्ध्या उंचीवरून पडल्यावर जेवढा स्पीड येतो तेवढ्याने! हे त्याने १६७३ च्या घड्याळांवरच्या पुस्तकात शेवटी सिद्धता न देताच छापलं. एक मीटर दोरी घेऊन बघा, अर्धा मीटर पडल्यावर स्पीड ३.१३ मीटर पर सेकंद, आणि रूट आरजी काढलं तरी ३.१३. म्हणजे जी यात मागून घुसलेला नाही, गोल फिरण्याची ओढ पहिल्यापासून पडण्याशीच ताडून बघितलेली आहे. बादलीचंही तेच, टॉपला दोरी सैल व्हायच्या बेतात असते तेव्हा पाण्याला वळवायला लागणारं सगळं ॲक्सिलरेशन एकटी ग्रॅव्हिटी देते.

पुढे न्यूटनने हीच तुलना चंद्राला लावली, मला तर हा भाग शिकवताना अजून अंगावर काटा येतो. चंद्र पृथ्वीच्या साधारण ६० त्रिज्या लांब, फेरी २७.३ दिवसांची, त्यावरून व्ही स्क्वेअर बाय आर काढा, ०.००२७ मीटर पर सेकंद स्क्वेअर येतं. आता ग्रॅव्हिटी अंतराच्या वर्गाने कमी होते असं धरून जमिनीवरच्या जीला, म्हणजे ९.८ ला, ६० च्या वर्गाने, म्हणजे ३६०० ने भागा. तेच! न्यूटनच्या १६८७ च्या प्रिन्सिपिया या पुस्तकात हे आहे, आणि सेंट्रीपेटल, म्हणजे केंद्राकडे ओढणारं, हा शब्दही न्यूटननेच घडवलेला.

आणि जी सगळीकडे सारखा नाही हे त्याआधीच, १६७२ मधे दिसलं होतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला आणि तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. म्हणजे तिथे जी कमी, कारण पृथ्वी फिरते आणि मधे फुगलेली आहे. ध्रुवावर जी ९.८३, विषुववृत्तावर ९.७८, आणि आपण १५ अंशांवर असल्यामुळे गोव्यातही ९.७८ च्याच आसपास. यातला ०.०३ चा फरक तर निव्वळ फिरण्याचा आहे, अंगणात बादली फिरवणारा पोरगा स्वतः पृथ्वीबरोबर दिवसाला एक वर्तुळ मारतो ना, त्याला त्या वर्तुळात वळवायला ग्रॅव्हिटीचा तेवढा वाटा जातो.