काळ्या वाळूचा उगम बर्फाखाली

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलहेमायोकुल या हिमनदीपासून रेनिसफ्यारा या काळ्या पुळणीपर्यंतचे अंतर मोटारीने जेमतेम 30 किलोमीटर आहे. एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला ज्वालामुखीची वाळू अशी दोन वेगळी आकर्षणे म्हणून पर्यटक ही वाट पाहतात; वस्तुतः पुळणीवरची बरीचशी वाळू बर्फाखालीच तयार होते.

सोलहेमायोकुल ही मीर्डाल्सयोकुल या 500 चौरस किलोमीटरांहून मोठ्या हिमटोपीची एक शाखा आहे आणि या हिमटोपीच्या पोटात काटला हा ज्वालामुखी दडलेला आहे. उद्रेकाच्या वेळी तप्त शिलारसाची गाठ वितळलेल्या पाण्याशी पडली की तो क्षणात थिजून फुटतो आणि त्याचे काळ्या काचेसारखे बारीक कण होतात. वितळलेले पाणी बर्फाखाली साचत जाते, अखेरीस हिमनदीला तळापासून उचलून धरते आणि हे कण, दगडगोटे व हिमखंड यांसह एकदम बाहेर फुटते. 12 ऑक्टोबर 1918 रोजी सुरू झालेल्या काटलाच्या उद्रेकातील पुराने रेनिसफ्याराजवळच्या विक गावाच्या पूर्वेला इतका गाळ ओतला की किनारा समुद्रात काही किलोमीटर पुढे सरकला.

हिमनदी सोडल्यावर रस्ता सोलहेमासांदुर या सपाट काळ्या मैदानातून जातो. तेही अशाच पुरांनी रचलेले आहे. मधल्या नदीला अनेकदा सडक्या अंड्यांसारखा वास येतो, कारण बर्फाखालच्या भूऔष्णिक क्षेत्रातील हायड्रोजन सल्फाइड तिच्या पाण्यात मिसळते. आइसलँडमध्ये माणसांची पहिली वस्ती झाली त्या काळातील दोन मांत्रिकांनी पुराचे पाणी एकमेकांच्या जमिनीवर ढकलले, अशी इथली आख्यायिका सांगते. शेजाऱ्यांच्या भांडणाच्या रूपात का होईना, लोकस्मृतीने नदीचे पात्र बदलल्याची नोंद ठेवली असावी. आजही धोका टळलेला नाही. जुलै 2011 मध्ये काटलाच्या परिसरातून आलेल्या पुराने विकच्या पूर्वेकडील मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून नेला आणि देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता तुटला.

रेनिसफ्यारा येथील कड्यात बेसॉल्टचे उभे स्तंभ दिसतात. ते मात्र अशा स्फोटातून नव्हे, तर लाव्हा सावकाश निवून आकसल्याने पडलेल्या भेगांमधून घडले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे स्तंभही याच प्रक्रियेचे. फक्त ते सुमारे 6.6 कोटी वर्षे जुने आहेत, तर आइसलँडचे खडक त्या मानाने अगदीच तरुण.

या पुळणीचा उतार तीव्र आहे आणि खुल्या अटलांटिकमधून येणारी एखादी लाट आधीच्या लाटांपेक्षा अचानक कितीतरी आत चढते. तिने इथे पर्यटकांचे बळी घेतले आहेत, तेव्हा पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढण्याचा मोह टाळलेला बरा. हीच लाट किनाराही खाते. काटलाचा मोठा उद्रेक 1918 नंतर झालेला नसल्याने त्या प्रमाणात नवा गाळ आलेला नाही, जुना मात्र समुद्र सतत ओढून नेत आहे. म्हणून विक गावापुढची वाळू टिकवण्यासाठी समुद्रात दगडी बांध घालावे लागले आहेत.