भौतिकशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचं?

गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहणारी बारावीतली मुलगी परवा विचारायला आली, "काका, फिजिसिस्ट व्हायचं तर पीएचडी लागतेच का?" तिच्या बाबांचं म्हणणं लागतेच, क्लासमधल्या मुलांचं म्हणणं आयआयटीच लागते.

डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद. भौतिकशास्त्रज्ञाला असं काही लागत नाही. अपवाद किरणोपचार विभागातल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचा. रुग्णाला किती किरणं द्यायची याचं गणित तो सांभाळतो, म्हणून त्याची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. संशोधनाच्या नोकरीची वाट मात्र साधारण ठरलेली आहे: बीएस्सी, एमएस्सी, नेट किंवा जेस्टसारखी प्रवेशपरीक्षा, मग पाचेक वर्षांची पीएचडी. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका इथे संशोधक व्हायचं तर पीएचडी चुकत नाही.

तरीही मी तिला सत्येंद्रनाथ बोस यांची गोष्ट सांगितली. १९२४ साली ते ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. एमएस्सी होते, पीएचडी नव्हते. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं प्लांक यांचं १९०० सालचं सूत्र बरोबर येत होतं, पण ते सिद्ध करताना प्रकाशाला लाट मानणाऱ्या जुन्या तरंग सिद्धांताची उसनवारी करावी लागे. बोस यांनी ती टाळली, फक्त मोजणी बदलून.

दोन नाणी उडवा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार होतात. दोन्ही सारखी पडण्याची शक्यता निम्मी. नाणी कितीही सारखी दिसली तरी ही डावीकडची, ती उजवीकडची, असा माग ठेवता येतो. प्रकाशकणांचा माग ठेवताच येत नाही. मग मधले दोन प्रकार एकच झाले. उरले तीन, तिन्ही सारख्याच वजनाचे, आणि सारखं पडण्याची शक्यता दोन तृतीयांश! प्रकाशकण एकाच अवस्थेत गर्दी करतात ते यामुळे, आणि लेसर याच गर्दीवर चालतो. बोस यांनी स्थान आणि संवेग (गतीचा जोर) यांच्या अवकाशाचे प्लांक स्थिरांकाच्या (प्लांक यांच्या सूत्रातल्या ठरावीक आकड्याच्या) घनाएवढे कप्पे पाडले, ध्रुवीकरणासाठी, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दोन दिशांसाठी, दोनने गुणलं, आणि कोणता कण कुठे हे न विचारता किती कप्पे रिकामे, किती कप्प्यांत एक, किती कप्प्यांत दोन एवढंच मोजलं. प्लांक यांचं सूत्र आपसूक बाहेर पडलं. बोस यांनी हे लिहून पाठवलेला लेख आइनस्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये आणून छापायला दिला. पुढे ढाक्यात प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेट नसल्याची अडचण आली, तेव्हा आइनस्टाइन यांचीच शिफारस कामी आली.

म्हणून शिकायला नको असं कुणी समजू नये. एमएस्सीपर्यंतचं गणित बोस यांच्या हातात पक्कं मुरलेलं होतं. उलट, नावापुढे डॉक्टर लावून 'क्वांटम ऊर्जे'ची लॉकेटं विकणारे लोक आहेत. ती ऊर्जा किती, कशाने मोजली, मोजण्यात चूक किती, हे त्यांना विचारा. उत्तर नसेल तर पैसे देऊ नका, आणि घरातल्या आजारी माणसाला तर त्यांच्या नादी मुळीच लावू नका.

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. दोन नाणी तिने शंभरदा उडवली होती. ५३ वेळा सारखी पडली. खाली तिने स्वतःहून लिहिलं होतं: शंभर फेकींत पाचेकाचा चढउतार नेहमीचा, म्हणून ५३ म्हणजे ५० धरायला हरकत नाही, ६७ धरता येणार नाही.